पेवातली बाटली

माळेगाव बुद्रुकात मान उसाला आहे. कारखान्याचा भोंगा, तोडीच्या टोळ्या आणि नीरेच्या डाव्या कालव्याचं आवर्तन यांवर गावाचं वर्ष फिरतं. द्राक्षबागा आमच्याकडे कमीच. त्या पुढं इंदापूर तालुक्यात, बोरीच्या बाजूला. तरी आमच्या घराचा द्राक्षाशी संबंध जुना आहे. थोरल्या बहिणीचं सासर नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात आणि दाजी पहिल्यापासून द्राक्षबागायतदार. आधी थॉम्पसन, मग माणिक चमन, आणि 2001 साली राज्य सरकारचं वाइनधोरण आल्यावर काही वर्षांनी त्यांनी दोन एकरांवर वाइनची द्राक्षं लावली. बाग धरली, घड लागले, आणि 2008-09 च्या मंदीत ज्या कंपनीशी करार होता तिनं माल उचलायचं थांबवलं. त्या काळात राज्यात कितीतरी जणांनी वाइनच्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या. दाजींनीही तोडली. पण तोडण्याआधी बागेच्या कडेला उभं राहून त्यांनी मला एक मणी खायला दिला होता, तो माझ्या लक्षात राहिला.

खायच्या द्राक्षाची सवय असलेल्या माणसाला तो मणी विचित्र लागतो. आकार जेमतेम दहा-बारा मिलिमीटर, आत दोन-तीन बिया, साल जाड. गोडी मात्र भयंकर. निर्यातीचं द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला काढतात, वाइनचं बावीस-चोवीसला. साल चावली की दातांना रंग लागतो आणि कच्च्या जांभळानं जीभ आखडावी तशी जीभ आखडते. खायच्या द्राक्षात आपण मणी फुगवण्यासाठी सगळा जीव काढतो. जीए या संजीवकाचं डिपिंग, विरळणी, पाणी, खत, सगळं फुगवणीसाठी. इथं उलट. रंग, तुरटपणा आणि निम्मा वास सालीत असतो, गर तर जवळजवळ बिनरंगी. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून लाल वाइनचा शेतकरी एकरी माल चार-पाच टनांवर थांबवतो आणि मणी भरताना पाण्याला हात आखडता घेतो. काळ्याभोर जमिनीपेक्षा मुरमाड माळ या बागेला मानवतो. आमच्या शेजारी माळेगाव खुर्दला 2009 पासून केंद्र सरकारची शेतीतल्या अजैविक ताण व्यवस्थापनाची संशोधन संस्था आहे. तिची जमीन म्हणजे मूळचा खडक आणि मुरूम, आणि असल्या जमिनीत फळझाडं कशी जगवायची हाच तिथल्या कामाचा एक भाग. उसाच्या गावात राहून मुरमाला किंमत द्यायला मी तिथल्या शिवारफेरीत शिकलो.

वाइनकडे मी वळलो तो या मण्यामुळे. पिण्याच्या हौसेपेक्षा पिकाचं कुतूहल मोठं होतं. जीभ आखडवणारी ती साल बाटलीत गेल्यावर तिचं पुढं काय होतं, हे मला बघायचं होतं.

बघायला लांब जावं लागलं नाही. बारामतीहून पाटसकडे निघालं की रोटी घाटाच्या अंगाला फोर सीझन्सची वायनरी आहे, युरोपातल्या जुन्या हवेलीच्या धर्तीवर बांधलेली. दुसऱ्या दिशेला अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली. 2007 मध्ये इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून ती उभी केली. रोपं फ्रान्सहून आणली आणि वाइन करायला टस्कनीतून पिएरो मासी आले. गंमत अशी की तुकोबांची पालखी पाटसहून रोटी घाट चढून बारामतीला येते, तिथून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी करत नीरा ओलांडून अकलूजला जाते. म्हणजे ज्या रस्त्यावर आमची आई दर आषाढात दर्शनाला उभी राहते, त्याच रस्त्याच्या दोन टोकांना या दोन वायनऱ्या आहेत. आई माळकरी आहे. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आणि माझ्या हातात बाटली, हे एका घरात कसं नांदतं असं लोक विचारतात. नांदतं ते नियमानं. आषाढ-श्रावणात, एकादशीला आणि गुरुवारी बाटली उघडत नाही. देवघराच्या भिंतीला लागून ठेवत नाही. आणि तिच्यासमोर ग्लास धरत नाही.

मोटेवाडीला मी पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीचा महिना होता. तोड चालू होती, तीही पहाटे, मणी थंड असताना. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून आपण त्याला वर्षातून दोनदा छाटतो. उन्हाळ्यात खरड छाटणी काडी तयार करायला, पावसाळा सरता सरता फळछाटणी घडासाठी. त्यामुळे आपला घड हिवाळ्यात वाढतो आणि उन्हं तापायच्या तोंडावर पिकतो. दिवस उबदार आणि रात्र थंड मिळाली तर घडात आंबटपणा टिकतो. उष्णता लवकर वाढली तर साखर धावते आणि आंबटपणा घसरतो. वाइन पुढं किती वर्षं टिकणार हे निम्मं इथंच ठरतं, कारण तिला टिकवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, आंबटपणा आणि सालीतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन. पहिला कमी पडला की दुसरा एकटा फार लांब नेत नाही. म्हणून भारतातल्या बहुतेक लाल वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकाव्या, त्या तशाच बेतानं केलेल्या असतात. ठेवण्याजोग्या मोजक्या. फ्रातेल्लीची 'सेट्टे' त्यांतली एक. सांजोव्हेजे आणि कॅबरने सोव्हिन्यॉं या दोन जातींची, फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवलेली, अंगानं भरदार. तिच्या एकाच वर्षाच्या काही बाटल्या मी घरी आणल्या. आता त्या ठेवायच्या कुठं, हा प्रश्न उभा राहिला, आणि हाच माझ्या दृष्टीनं या सगळ्यातला खरा रस आहे.

वाइन मुरते म्हणजे काय, हे आधी सांगतो. बाटली बंद झाल्यावरही आत काम चालू असतं. टॅनिनचे सुटे कण एकमेकांना धरतात, मोठे होतात आणि एका मर्यादेपलीकडे जड होऊन साक्याच्या रूपानं तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर रंगही थोडा खाली जातो. म्हणून नवी वाइन जांभळी असते आणि जुनी कडेनं विटकरी दिसते. जिभेचा आखडलेपणा कमी होतो. ताज्या फळाचा वास मागं सरतो आणि सुक्या फळाचा, तंबाखूच्या पानाचा, चामड्याचा, ओल्या मातीचा वास पुढं येतो. हे सगळं सावकाश झालं तर चांगलं होतं. बारा ते पंधरा अंश तापमान, अंधार, थोडी दमट हवा, हादरे नाहीत आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. जगभर हाच नियम आहे. तापमान वाढलं की आतलं काम वेगानं होतं, आणि नुसतं वेगानं होत नाही, वेगळंच काही होऊ लागतं. चाळीस अंशात वाइन मुरत नाही, शिजते. तापमानाचा चढउतार त्याहून वाईट. वाइन फुगते, बूच ढकलते, पुन्हा आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते.

माळेगावात एप्रिल-मे चाळिशीच्या आसपास असतो. नव्या स्लॅबच्या घरात रात्री दहालाही भिंतीला हात लावून बघा. तळघर खणावं म्हटलं तर कालव्याखालची काळी जमीन. पिढ्यान्‌पिढ्या पाणी पिऊन पाणथळ झालेली, कुठं कुठं चोपण. पाच-सहा फुटांवर पाझर लागतो. मळ्यातल्या घराखाली तळघर म्हणजे विहीरच झाली असती.

पण गावठाणात आमचा जुना वाडा आहे आणि गावठाण पांढरीवर आहे. आपल्या पूर्वजांनी पीक काळीत घेतलं आणि घरं पांढरीत बांधली, ती उंच, निचऱ्याची जागा बघून. त्या पांढरीत वाड्याच्या चौकात आमच्या आजोबांचं पेव आहे. आज पेव पाहिलेली माणसं कमी झाली, म्हणून सांगतो. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं, खोली दोन पुरुष. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर शिळा ठेवून शेणमातीनं लिंपायचं. आत हवा नाही, ऊन नाही, कीड जगत नाही. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची अशीच शेकडो पेवं होती. 2005 च्या महापुरानं त्यांची दैना केली. आमचं पेव बहात्तरच्या दुष्काळानंतर पुन्हा भरलं गेलं नाही.

आईला विचारल्याशिवाय त्याला हात लावणं शक्य नव्हतं. तिनं बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "तुझ्या आज्याचं जोंधळं असायचं तिथं. दुष्काळात त्याच पेवानं निम्म्या आळीला खाऊ घातलं. आता त्यात दारू ठेवणार का रं?" मी म्हटलं, "आई, द्राक्षाचाच रस हाय, मुरायला ठेवायचा." ती म्हणाली, "रस मुरला म्हंजे काय होतं ते मला नगं सांगू. पर रिकामं पडून ढासळण्यापरीस वापर. उतरताना कंदील आधी सोड." कंदिलाची आठवण तिनं केली ते बरं झालं. बंद पेवात हवा कोंडलेली असते. कंदील विझला तर माणूसही गुदमरतो, आणि अशा पेवात उतरून माणसं गेल्याच्या गोष्टी या भागात घरोघरी आहेत. आम्ही शिळा काढून पेव उघडं ठेवलं, दुसऱ्या दिवशी कंदील दोरीनं सोडला, तो जळत राहिला, मग उतरलो.

आत कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर टांगला. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना आत सत्तावीस. जानेवारीत बाहेर पहाटे दहा-अकरा असताना आत पंचवीस. या आकड्यांनी मी आधी हरखलो आणि मग विचारात पडलो. जमिनीत खोल गेलं की तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीवर येऊन थांबतं. फ्रान्समध्ये ती सरासरीच बारा-तेरा अंश आहे, म्हणून तिथं जमिनीखालचं तळघर वाइनला आपोआप मानवतं. आमची सरासरी पंचवीस-सव्वीस. म्हणजे पेवानं स्थैर्य दिलं, थंडावा दिला नाही. युरोपातलं पुस्तक वाचून इथं तळघर खणणाऱ्यानं हे आधी समजून घ्यायला हवं. खोली कितीही वाढवा, त्या भागाच्या सरासरीखाली जमीन जात नाही.

म्हणून मी दोन ठिकाणं केली. काही बाटल्या द्राक्षाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये आडव्या घालून दोरीनं पेवात सोडल्या. बाकीच्यांसाठी वाइनचं छोटं कपाट घेतलं, चौदा अंशावर लावलेलं, आणि ते वाड्याच्या माजघरात ठेवलं. माजघराला खिडकी नाही, भिंत दोन हाताची, दगडमातीची. वीज गेली तरी कपाटातलं तापमान फारसं हलत नाही. हेच कपाट मळ्यातल्या स्लॅबच्या घरात असतं तर दर भारनियमनात आतली हवा तापली असती. ज्याला खेड्यात वाइन ठेवायची आहे त्यानं यंत्राच्या किमतीआधी भिंतीची जाडी बघावी, असं मी कुणीही विचारलं तर सांगतो.

तिसरी जागा मी ठरवलेली नव्हती. त्याच वर्षाची एक बाटली मी मावसभावाला वास्तुशांतीला दिली होती. त्याचा फ्लॅट बारामतीत, वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड. शोकेसमध्ये टीव्हीच्या वर ती उभी होती, शोभेला. बरीच वर्षं तिथंच राहिली. एका जानेवारीत हुरड्याला सगळे जमणार होते तेव्हा तोच म्हणाला, "दादा, तुझी बाटली अजून तशीच हाय, आणू का?" मी म्हटलं, आण. पेवातली एक काढली, कपाटातली एक. तिन्ही एकाच वर्षाच्या, एकाच पिंपगटातल्या, आणि तीन जागी वाढलेल्या. असा योग पुन्हा येणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

आदल्या संध्याकाळी तिन्ही उभ्या करून ठेवल्या, म्हणजे साका तळाशी बसेल. शोकेसमधल्या बाटलीचं बूच बाहेरूनच सांगत होतं. वरचं वेष्टण थोडं उचललेलं, आणि मानेवर काळपट चिकट ओघळ सुकलेला. पेवातल्या बाटलीचं लेबल वाळवीनं अर्धं खाल्लं होतं, उरलेल्यावर बुरशी. कपाटातली नवी वाटावी अशी. खडूनं एक, दोन, तीन आकडे घातले. चाखायला दाजी, मावसभाऊ, अकलूजकडचा एक मित्र जो वायनरीत काम करून आलेला, बायको आणि मी.

जुन्या बाटलीचं बूच काढणं हे घाईचं काम नाही. पेवातल्या बाटलीचं बूच अर्ध्यावर आलं आणि तुटलं. मित्रानं दोन पात्यांचा चिमटा आणला होता. त्याची पाती बूच आणि काच यांच्यामध्ये एकेक करून सरकवली आणि फिरवत फिरवत उरलेला तुकडा वर घेतला. थोडा चुरा आत पडला, तो धुतलेल्या मलमलीतून गाळला. ओतताना बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा दिवा धरला. स्वच्छ धार येत राहते, येत राहते, आणि मग मानेपाशी एक काळा धागा दिसतो. तिथं थांबायचं. तळाशी दोन बोटं वाइन साक्यासकट राहते, ती सोडून द्यायची. बायकोनं तो साका बशीत घेऊन बोटानं चोळला. बारीक, रेशमी, गर्द जांभळा. दाजींच्या बागेत त्या दिवशी माझ्या दातांना लागलेला रंग पाहायला मिळाला तो असा, बशीच्या तळाला.

पहिली शोकेसमधली. रंग तपकिरी, कडेला जवळजवळ चहाचा. वास घेतला आणि उसाच्या गावातल्या आम्हा सगळ्यांना एकाच वेळी ओळखू आला: काकवी. फळ शिजून गेलेलं, मागं किंचित आंबूस झाक. तोंडात सपाट. मावसभाऊ गप्प झाला. मी त्याला म्हटलं, तुझी चूक नाही, पश्चिमेच्या उन्हात कुठलीही बाटली अशीच झाली असती.

दुसरी पेवातली. रंग विटकरी, पण स्वच्छ. वास सुक्या अंजिराचा, मनुकांचा, थोडा तंबाखूच्या पानाचा. तोंडात अतिशय मऊ, तुरटपणा नावाला. दाजींनी घोट घेतला, पुन्हा घेतला, म्हणाले, "पाव्हणं, ही आपली. हिच्यात काही टोचत नाही." खरंच टोचत नव्हतं. पण अर्ध्या तासात ग्लासमध्ये तिचा वास विरला. तिचं वय झालं होतं. सव्वीस अंशात तिनं आपली वर्षं भराभर जगून घेतली होती.

तिसरी माजघरातल्या कपाटातली. रंग अजून गर्द, फक्त कडेला विटकरी रंगाची रेघ. आधी काहीच देईना. ग्लास हातात धरून बसलो, हळूहळू करवंद आणि जांभूळ आलं, मग देवदाराच्या लाकडाचा वास, मग चामडं. तुरटपणा होता, पण त्याला आता धार नव्हती, तो दाणेदार झाला होता आणि गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत होती. तासाभरानं ती सुरुवातीपेक्षा चांगली लागत होती. मी त्या बागेत जे बघायचं ठरवलं होतं ते या ग्लासात होतं. सालीतला तुरटपणा नाहीसा होत नाही. त्याला वेळ आणि थंडावा दिला तर तो वाइनला आधार देऊ लागतो, आणि नुसता वेळ दिला तर झिजून जातो. दाजींचं मत वेगळं पडलं आणि ते अजूनही पेवातल्या बाटलीच्याच बाजूनं आहेत. जिभेला जे मऊ लागलं ते आवडलं असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. पण जेवण आल्यावर चित्र बदललं.

जेवणाचं मी आधीपासून ठरवलेलं होतं, कारण आमच्याकडचं मटण आणि जुनी वाइन यांची गाठ घालताना बहुतेकांची फसगत होते. तांबडा रस्सा समोर आला की वाइन हरते. तिखट आणि मद्य दोन्ही जिभेला भाजतात, एकत्र आले की दुप्पट भाजतात, आणि त्यात टॅनिन कडवट लागतं. वर्षानुवर्षं मुरून आलेले बारीक वास त्या आगीत कुणाला कळणार? लोक मग म्हणतात, वाइन आपल्या जेवणाला चालत नाही. चालते, पण रस्सा होण्याच्या आधीच्या पायरीवर. आपल्याकडे मटण आधी आळणी शिजवतात. हळद, मीठ, आलं-लसूण, कांदा, बस्स. त्यातले चरबीचे तुकडे काढून घ्यायचे, तुपावर परतायचे, भाजलेलं खोबरं, थोडा काळा मसाला आणि मिरी, लाल तिखट जवळजवळ नाही. हे आळणीतलं सुकं आणि बाजरीची गरम भाकरी. मीठ आणि चरबी टॅनिनची धार बोथट करतात आणि टॅनिन जिभेवरची चरबी धुऊन नेतं, म्हणून प्रत्येक घास पहिल्यासारखा लागतो. काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचा तो मातकट, जंगली वास जुन्या वाइनच्या वासाला फार जवळचा आहे. ही जोडी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, बायकोनं चुलीपाशी उभं राहून ओळखली. ती दोन्हीकडे आलटून-पालटून वास घेत होती आणि म्हणाली, "दगडफूल वाढवते, खोबरं कमी करते." तसं केलं आणि बसलं.

इथं पेवातली बाटली मागं पडली. तिच्यात चरबीला उत्तर द्यायला तुरटपणाच उरला नव्हता. सुक्यापुढं ती पाणचट झाली. कपाटातलीनं जेवण उचलून धरलं. पेवातली मग आम्ही जेवण झाल्यावर, भाजलेल्या शेंगदाण्यांबरोबर, नुसती बसून संपवली. तिला तीच जागा शोभत होती. तांबडा रस्सा सर्वांत शेवटी, भातावर, आणि तेव्हा ग्लास बाजूला.

शाकाहारी माणसासाठीही जागा आहे. आईसाठी त्या दिवशी हुलग्याची शेंगोळी होती. हुलग्याला स्वतःचा एक भाजका, मातीचा वास असतो, आणि लसूण-तीळ कमी तिखटात फोडणीला घातलं की ती शेंगोळी जुन्या लाल वाइनबरोबर सुरेख जाते. मी ती दुसऱ्या खोलीत बसून खाऊन पाहिली. भरली वांगी दाण्याच्या कुटातली चालतात, मासवडी चालते, तिखट आवरलं तर. चिंच, दही, लिंबू मात्र लांब ठेवावं. जुन्या वाइनचा आंबटपणा आधीच नाजूक झालेला असतो, त्यापुढं चिंच आली की वाइन पोकळ लागते. आणि गोडावर तिला नेऊच नये. पुरणपोळीनंतर घेतलेला घोट नुसता कडू लागतो.

तापमानाबद्दल एक गोष्ट राहिली. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सगळे सांगतात, पण ती खोली थंड देशातली, सोळा-अठरा अंशांची. जानेवारीच्या रात्री आमच्या वाड्याच्या ओसरीत ती आपोआप मिळते. एप्रिलमध्ये बाटली उघडायची वेळ आली तर कपाटातून काढून सरळ ओतावी. टेबलावर ठेवून विसरली तर वीस मिनिटांत तिचं मद्यच तेवढं नाकाला येऊ लागतं. मी शक्यतो उन्हाळ्यात जुनी बाटली काढतच नाही. हुरडा सुरू झाल्यापासून शिमग्यापर्यंत हेच तिचे दिवस.

आता पेवात मी बाटल्या ठेवत नाही. त्यात पुन्हा ज्वारी भरून बघायची आईची इच्छा आहे आणि या सुगीला कडबा त्यासाठीच राखून ठेवलाय. माजघरातल्या कपाटात त्या वर्षाच्या दोन बाटल्या उरल्या आहेत. दाजी एक मागतायत, भाच्याच्या साखरपुड्याला. मी त्यांना सांगितलंय की साखरपुडा मे महिन्यात आहे, जेवणात तांबडा रस्सा आहे आणि पंगत दोनशेची आहे. त्याऐवजी पुढच्या जानेवारीत दोघंच या, आळणी मटण लावतो, तेव्हा काढू.